मौनखोलीतलं वाक्य

बाई त्या मंगळवारी सकाळी मौनखोलीकडे निघाल्या त्या वजनाच्या कागदासाठी. दर आठवड्याला पाखरांची वजनं व्हायची आणि कागद दाराच्या आतल्या खिळ्याला अडकवलेला असायचा. तो काढायचा, सही करायची, नवा कोरा लावायचा, एवढंच काम. ते कुणालाही सांगता आलं असतं. पण दुसऱ्याने बघितलेली गोष्ट बाईंना बघितल्यासारखी वाटतच नसे. चौकसपणा हा गुण की खोड, हे शेवटी ज्याच्या त्याच्या नशिबावर ठरतं. बाईंच्या बाबतीत तोवर तरी तो गुण ठरला होता. त्याच्याच जोरावर त्या वन्यजीव केंद्रातल्या अकरा सेवकांच्या प्रमुख झाल्या होत्या.

मौनखोलीची गोष्ट आधी सांगायला हवी. पाखरू लहानपणी ज्याचा आवाज ऐकतं त्याला आपलं मानतं. माणसाच्या आवाजाला सोकावलेलं पाखरू रानात सोडलं, तर ते पहिल्या दिसेल त्या माणसाच्या खांद्यावर जाऊन बसतं, आणि सगळेच खांदे काही प्रेमळ नसतात. म्हणून पडलेल्या घरट्यातली पिल्लं केंद्रात आली की एका वेगळ्या खोलीत वाढायची. तिथे हिरवा डगला घालून, तोंडावर जाळीचा बुरखा ओढून जायचं, कापडी तळव्याचे जोडे घालायचे आणि शब्द काढायचा नाही. खोकला आला तरी बाहेर येऊन खोकायचं. काही सांगायचंच असेल तर पाटीवर लिहायचं. दारावर कुणीतरी गंमत म्हणून खडूने ‘अळीमिळी गुपचिळी’ असं लिहून ठेवलं होतं आणि बाईंनी ते पुसू दिलं नव्हतं.

अशा खोलीत टिकणार कोण? ‘रेडिओ’ म्हणून जिला सगळे ओळखत त्या सेविकेला एकदा तिथे लावलं होतं. ती चाळीस मिनिटांत घामाघूम होऊन बाहेर आली आणि पुढचे दोन तास त्याच चाळीस मिनिटांविषयी बोलत राहिली. शेवटी तीन वर्षांपूर्वी मौनी आला तेव्हा प्रश्न मिटला. त्याच्या घशाला कधीतरी मोठा आजार झाला होता, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं होतं. मानेच्या खळगीत छोटंसं भोक, त्यातून श्वास आणि त्यावर पांढऱ्या कापडाची पट्टी. गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळतं म्हणतात, ते त्याने कधी घेतलं नाही. ज्याला बोलताच येत नाही त्याला गप्प बसायचा नियम काय शिकवायचा? केंद्रात त्याचा आवाज कुणी कधी ऐकलेलाच नव्हता. तो जवळ आला की कापडामागून बारीक सूं सूं ऐकू यायचं, तेवढंच.

त्या दिवसांत खोलीत सहा साळुंक्या होत्या, तीन महिन्यांच्या, पंधरा दिवसांनी सुटायच्या बेतात. बाई आत गेल्या, दार लोटून घेतलं, कागद काढला. खोलीत कोरड्या गवताचा आणि ओल्या दाण्याचा वास होता. मौनी कोपऱ्यातल्या मोरीपाशी वाट्या धूत होता. बाईंनी पेनाचं टोपण उघडलं, आणि पाठीमागून कुणीतरी म्हणालं,

“अगं, ऐकलंस का?”

पुरुषाचा आवाज होता. जरासा घोगरा, मायेचा, आणि ‘का’च्या आधी घोट गिळल्यासारखा किंचित अडखळलेला. बाईंच्या ओठांवर ‘काय?’ आलंसुद्धा, कसंबसं गिळलं. वळून बघतात तर मागे कुणी नाही. दांडीवर पायात ओळखीचं पिवळं कडं असलेली साळुंकी बसलेली. तिने मान तिरकी केली, गळा फुगवला आणि पुन्हा म्हणाली, “अगं, ऐकलंस का?”

मौनीच्या हातातली वाटी मोरीत पडली.

बाहेर आल्यावर बाईंना भीती वाटली नाही, राग आला. नियम कुणीतरी मोडला होता, आणि एकदा नाही; पाखरू एकदा ऐकून शिकत नसतं, त्याला घोटवून घ्यावं लागतं. डॉक्टरांना बोलावलं. केंद्राचे पशुवैद्य म्हणजे तरुण माणूस, लग्न व्हायचं होतं, प्राण्यांपेक्षा माणसांना जास्त घाबरणारा.

“एवढंच शिकली असेल तर रानात विसरेल,” तो म्हणाला. “पण आणखी एखादं वाक्य घोटलं ना बाई, तर सोडायची आशा सोडा. हिचीच नाही, सहाही जणींची. एकीचं ऐकून बाकीच्या शिकतात. मी तर म्हणतो, आजच त्यांना बाहेरच्या मोठ्या जाळीच्या घरात हलवा. तिथे रानातल्या पाखरांचा कलकलाट असतो, त्यात हे बुडून जाईल.”

“हलवते. पण शिकवलं कुणी ते कळल्याशिवाय नाही. उद्या हीच गोष्ट पुढच्या पिल्लांना होईल.”

हे कारण खरं होतं. पूर्ण खरं नव्हतं, हे बाईंनाही ठाऊक होतं. त्यांना जाणून घ्यायचं होतं, बस्स.

दुपारी केंद्रातला एकेक पुरुष बाईंच्या खोलीत आला आणि ‘अगं, ऐकलंस का’ असं म्हणून गेला. पहारेकरी म्हणाला, डॉक्टर लाजत लाजत म्हणाला, हत्तीची देखभाल करणारे काका इतक्या प्रेमाने म्हणाले की दाराबाहेर उभी असलेली रेडिओ खुदखुदली. गाडीवाला म्हणाला, “बाई, घरी मी ‘अगं’पर्यंत पोचतो. पुढचं ऐकायचं काम माझ्याकडे असतं.” कुणाचाच आवाज जुळला नाही. मौनीला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता.

संध्याकाळी घरी नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला, “अगं, ऐकलंस का…” आणि बाईंच्या हातून वरणाचा चमचा सुटला. “काय झालं?” त्याने विचारलं. काय सांगणार? घरोघरी हेच तीन शब्द. बायकोला नावाने हाक मारायची सवय नसलेल्या कुठल्याही माणसाच्या तोंडातले. चोर सापडणार कसा?

बुधवारी बाईंनी आपला फोन मौनखोलीच्या फळीवर, गवताच्या पेंढीआड लपवून ठेवला आणि अकराच्या खाण्याच्या वेळेचं चित्रण त्यात करून घेतलं. मौनीला सांगितलं नाही. नंतर आपल्या खोलीचं दार लावून त्या बघत बसल्या.

चित्रात मौनी येतो. अळ्यांची वाटी ठेवतो. सहाही साळुंक्या भराभरा खातात, भांडतात, वाटीतच पाय देतात. त्याच्याकडे एकही बघत नाही. तो भिंत असावा तशा त्याच्या अंगावरून उडतात. मग, अकरा वाजून नऊ मिनिटांनी, सहाही जणी एकदम थांबतात. सहा माना एकदम वळतात, मोरीच्या वरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे. डोकी तिरकी. शाळेत मास्तर कविता सांगायला लागल्यावर मुलं बसतात तशा त्या बसल्या आहेत. ऐकताहेत.

फोन कानाला लावून बाईंनी आवाज तीनदा तपासला. काही नाही. मौनीच्या गळ्यातलं सूं सूं, नळाचा एक थेंब, बस्स. मग पिवळी हळूच, घोटत घोटत म्हणते, “अगं, ऐकलंस का… इथून…”

नवा शब्द. इथून.

पण बाईंनी पुन्हा पुन्हा पाहिला तो मौनी. तो त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभा होता. भांडण झालेला माणूस घरात असला की आपण पाठ करतो ना, तसा. बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

दुपारी मौनी आपणहून त्यांच्या दारात आला. पाटी पुढे धरली. त्यावर ठसठशीत अक्षरांत होतं, *आजच हलवा त्यांना.*

“का रे? तुला काही ऐकू येतं का तिथे?”

त्याने पुसलं, लिहिलं. *पाखरं बिघडतील.*

“शुक्रवारपर्यंत बघू,” बाई म्हणाल्या. मौनीने पाटी खाली केली नाही. बराच वेळ तो तसाच उभा होता, कापडाची पट्टी आतबाहेर होत होती. इतका साधा माणूस, पण त्या घटकेला तो दारातून बाजूला कधी होतो असं बाईंना झालं.

गुरुवारी त्याची बायको आली. मौनी गळ्याची पट्टी बदलायचं सामान घरी विसरला होता, ते घेऊन. पन्नाशीची, नीटनेटकी, मोजकं बोलणारी बाई. मौनखोलीच्या बाहेरच्या बोळात आतलं दिसावं म्हणून काच लावली होती, समोर एक बाक होता. बाईंनी तिला तिथे बसवलं. जेमतेम पाच मिनिटं झाली असतील.

“अगं, ऐकलंस का? इथून जो…”

बायको उभी राहिली. हातातली पिशवी तिने छातीशी धरली. काचेकडे बघत ती इतक्या हळू म्हणाली की बाईंना ओठ बघावे लागले.

“हे… ह्यांचं आहे.”

“काय?”

“हा आवाज. ‘का’च्या आधी असा घोट गिळायचे. मी चिडवायची. चार वर्षांनी ऐकतेय, बाई.”

बाईंनी तिला आपल्या खोलीत नेलं, पाणी दिलं. रेडिओ दोनदा दारावरून गेली, तिला हाताने घालवून दिलं. मौनीची बायको रडली नाही. नखाने पिशवीचा काठ उसवत सांगत राहिली.

“ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी त्यांच्या खाटेशी बसले होते. चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता. त्यांनी हाक मारली, ‘अगं, ऐकलंस का?’ मी म्हटलं, आता झोपू दे हो, सकाळी सांगा. सकाळी मला जाग आली तर खाट रिकामी… त्यांना लवकरच आत नेलं होतं. नंतर कसलं सांगणं आणि कसलं काय.”

“लिहून नाही दिलं कधी?”

“पाटी हातात दिली होती, घरी आल्यावर. काय सांगत होता हो त्या रात्री? तर मान हलवतात. आठवत नाही म्हणतात.” तिने पिशवीचा एक धागा ओढून काढला. “माणूस चांगला आहे, बाई. तक्रार नाही. पूर्वीपेक्षा शांत. पूर्वी सही उजव्या हाताने करायचे, आता डाव्या हाताने लिहितात. धाकट्या भावाला ओळखायलाच तयार नव्हते. दुखण्यातून उठलेला माणूस बदलतो, असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं. पण ते वाक्य माझ्या छातीवर बसलंय. शेवटचं बोलणं, तेही मी झोपेपायी घालवलं.”

आणि मग तिने मागणं मागितलं. वाक्य पुरं होईपर्यंत पाखरांना तिथेच राहू द्या. एक-दोन दिवसांचाच प्रश्न आहे, रोज एक-दोन शब्द वाढताहेत असं तुम्हीच म्हणता…

एका पारड्यात सहा साळुंक्या, ज्यांच्यासाठी तीन महिने अख्ख्या केंद्राने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. त्यांना रान मिळायचं की जन्मभर जाळी, हे आता दिवसांवर आलं होतं. दुसऱ्या पारड्यात ही समोरची बाई. आणि खरं सांगायचं तर पारड्यावर बाईंचं स्वतःचं बोटही होतं. त्यांनाही ते वाक्य ऐकायचं होतं. अशी गोष्ट आयुष्यात पुन्हा घडणार नव्हती.

“शनिवारी बारापर्यंत,” त्या म्हणाल्या. “मग मी हलवणार. वाक्य होवो न होवो.”

डॉक्टरने ऐकलं तेव्हा तो पहिल्यांदाच बाईंवर चिडला. “कशासाठी? आधीच दोन दिवस गेले, ते काय कमी झाले? मला कारण तरी सांगा.” बाईंनी कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने त्यांचंच वजन, ताप बघितला असता.

शुक्रवारी ‘इथून जो घरी येईल ना’ इथवर आलं. त्याच दिवशी हिरव्या कड्याची दुसरी एक साळुंकीही ‘अगं, अगं’ करायला लागली. मौनीने दिवसात तीनदा पाटी दाखवली. तिसऱ्यांदा त्याने लिहिलं नव्हतंच काही. कोरी पाटी धरून उभा राहिला आणि बाईंकडे बघत राहिला.

शनिवारी बायको दहालाच येऊन बाकावर बसली. बाई तिच्या शेजारी. आत मौनी झाडत होता. शनिवारी त्याची पाळी बाराला संपायची. काचेतून ऊन आत पडलं होतं, गवताचे बारीक तुकडे त्यात तरंगत होते. इतकी स्वच्छ सकाळ होती की भिण्याची लाज वाटावी.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी आतला कलकलाट थांबला. सहा माना कोपऱ्याकडे वळल्या. मौनीचा झाडू थांबला, पण त्याने मान वर केली नाही. बायकोने बाईंचा हात धरला. तिची बोटं थंड होती.

बराच वेळ काही झालं नाही. मग पिवळीने पंख झाडले, दांडीवर दोन पावलं सरकली, नेमकी काचेसमोर आली. आणि त्या घोगऱ्या, मायेच्या आवाजात, ‘का’च्या आधी घोट गिळून, सगळं सलग म्हणाली,

“अगं, ऐकलंस का? इथून जो घरी येईल ना… तो मी नसेन. त्याला घरात घेऊ नकोस.”

एकदाच म्हणाली. सहाही माना सरळ झाल्या आणि साळुंक्या पुन्हा दाण्यावर तुटून पडल्या, जणू तास संपला.

बाईंना बाजूला बघायचा धीर होईना. आत मौनीने झाडू भिंतीला नीट टेकवला. कचरा सुपलीत भरला. डगला काढून खुंटीला लावला, मग बुरखा. तो बाहेर आला तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता. शांत, जरासा दमलेला. त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात धुवायचे म्हणून खुणेने सांगितलं आणि तो बोळातून पुढे गेला.

“ऐकलंत ना…” बाई कशाबशा म्हणाल्या. “तुम्ही आज… म्हणजे माझ्याकडे चला हवं तर. बहिणीकडे जा. कुणीतरी असेल ना तुमचं?”

बायको उठली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. खूप जुना थकवा होता, आणि थोडीशी मोकळीकही.

“चार वर्षं झाली, बाई,” ती म्हणाली. “आजारात रात्र रात्र उशाशी बसतो माझ्या. आता कुणाला बाहेर काढू?”

ती गेली. बाई बाकावर बसून राहिल्या. आत पिवळी आता न थांबता सबंध वाक्य घोटत होती आणि हिरवी तिच्यामागून शब्द उचलत होती. ह्या दोघी आता कधीच सुटणार नव्हत्या, बाकीच्या चौघींचंही काही खरं नव्हतं, आणि हे पाप सरळसरळ आपलं आहे, हे बाईंना कळत होतं. जाणून घ्यायचं होतं ते जाणून झालं होतं.

मग त्यांचं लक्ष बाकाखाली गेलं. पट्ट्यांच्या सामानाची पिशवी तिथेच राहिली होती. ती घेऊन बाई लगबगीने बोळातून निघाल्या. वळणाशी पोचतात तोच पुढून मौनीच्या बायकोचं बोलणं ऐकू आलं.

“अहो, चला, उशीर झाला.”

बाई वळणावर आल्या. दोघं पाण्याच्या नळाशी होती, बाईंकडे अर्धी पाठ करून. बायको ओंजळीने पाणी पीत होती. वाकलेली, तोंड ओंजळीत, गाल पाण्याने भरलेले.

“अहो, चला, उशीर झाला,” पुन्हा तिचाच आवाज आला. तोच हेल, ‘चला’वर तोच जरासा त्रासिक झोक, जसाच्या तसा.

बायकोच्या तोंडात अजून पाणी होतं. शेजारी मौनी उभा होता, ओठ घट्ट मिटलेले. त्याच्या गळ्यावरची पांढरी पट्टी हलत होती.

बायको दचकली नाही. तिने घोट गिळला, पदराने तोंड पुसलं आणि रोजचं असल्यासारखं म्हणाली, “हो, चला.” दोघं फाटकाकडे चालू लागली. बाई पिशवी धरून वळणावर उभ्या होत्या. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण आपला आवाज त्याच्या कानावर पडू नये असं त्यांना वाटलं.